छायाच्या चार पेट्या

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, लेकीपुढं नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय मी टाळते — त्याला माहीत असेलच, मग बोलून कशाला दाखवायचं, असं म्हणते आणि उठते. आज लिहायला बसले आहे, तर तेवढ्यात दोनदा चहा करून झाला. कुठून सुरू करायचं? माश्यांपासून करते. मधमाश्यांचा विषय निघाला की मला कुणी थांबवू शकत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचं गाव गगनबावड्याच्या वाटेवर. इथला पाऊस असा की चार महिने कपडे चुलीवर वाळवायचे. त्या दिवसांत माश्यांनाही बाहेर पडता येत नाही, साखरेचा पाक करून पेटीत ठेवावा लागतो. पण हिवाळा सरता सरता डोंगर फुलायला लागतो आणि पेट्या भरून येतात. मी मध विकते, पण माझं खरं काम आहे लहान पेट्या तयार करण्याचं. मोठ्या वसाहतीतून एक लहान वसाहत काढायची, तिची राणी अंडी घालायला लागली की ज्याला माश्या पाळायच्या आहेत त्याच्या हवाली करायची. राधानगरीकडनं, भुदरगडाकडनं लोक येतात. बायका शिकायला येतात. मला 'मॅडम' म्हणतात! मी दहावीला दोनदा बसलेली बाई.

त्या बायकांना मी सांगते ते तुम्हालाही सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भरलेल्या पेटीतल्या तीन चौकटी काढायच्या, पिल्लांच्या, मधाच्या, वर बसलेल्या माश्यांसकट. त्यातल्या एका चौकटीच्या खालच्या कडेला राणीघर लोंबत असलं पाहिजे, भुईमुगाच्या शेंगेएवढं. हे सगळं लहान पेटीत ठेवायचं. थोड्या दिवसांत राणीघरातून नवी राणी निघते. मग एखाद्या दुपारी, चांगलं ऊन पडलं की, ती बाहेर उडते, नरांना भेटते आणि परत येते. परत आली तरच अंडी घालणार, तरच पेटी जगणार. जायच्या आधी ती दारासमोर घिरट्या घालते आणि जागा डोळ्यांत भरून घेते. पेटी नाही ओळखत ती — जागा ओळखते. म्हणून त्या दिवसांत पेटी हलवायची नाही. वीतभरसुद्धा नाही. राणी चुकून दुसऱ्या पेटीत शिरली तर तिथल्या माश्या तिच्याभोवती गोळा होऊन तिला मारून टाकतात. हे मी इतकं दरडावून सांगते की बायकांना वाटतं, मॅडम फार शिस्तीच्या आहेत.

हे मला कुणी शिकवलं? छायानं.

छाया माझी धाकटी जाऊ. नेसरीची. माझा दीर इचलकरंजीला मागावर कामाला गेला तो तिकडंच दुसरं बिऱ्हाड करून बसला. आधी महिन्याला यायचा, मग सणाला, मग येईनासाच झाला. मूलबाळ नव्हतं. माहेरी आईबाप नव्हते, एक मामा होते. ती आमच्याकडंच राहिली. पण डोळे गाळत बसणाऱ्यातली होती असं समजू नका. तिचं हसणं बांधापलीकडं ऐकू जायचं, आणि आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, आतून ओरडायच्या, "कुणाचं बारसं हाय गं?" त्यावर ती आणखी मोठ्यानं हसायची.

पेट्या आधी माझ्या होत्या. सरकारी शिबिरात दोन मिळाल्या होत्या. मी हातमोजे, जाळी, धुराचं डबडं — सगळा लवाजमा घेऊन लढाईला निघाल्यासारखी पेटीपाशी जायची. छायानं पहिल्याच दिवशी उघड्या हातानं चौकट उचलली. माश्या तिच्या बोटांवरून चालत होत्या आणि ती त्यांच्याशी बोलत होती — "सरक गं बाय, जरा सरक, बघू दे की." त्या सरकायच्या! मला अजून कळत नाही कसं ते. मोबाइलवर बघून, शिबिरातल्या साहेबांना फोन करून करून ती लहान पेट्या करायला शिकली. तिनं केलेली पहिली पेटी जगली त्या दिवशी तिनं मला घट्ट मिठी मारली होती. माझं लग्न होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. त्या घरात मला कुणी मिठी मारल्याची ती पहिलीच वेळ. हे कुणाला सांगावं असं नाही, पण आता सांगायलाच बसले आहे तर सगळंच सांगते.

दुपारी घरातली कामं उरकली की आम्ही दोघी मागं फणसाखाली जाऊन बसायचो. काही बोलायचो, बरंचसं बोलायचो नाही. ती मेणाचा तुकडा चघळत बसायची. पेट्यांची गुणगुण, तिच्या केसांना लावलेल्या माक्याच्या तेलाचा वास, तिचं मधूनच "आक्का, ही बघ, पिवळा पराग आणला हिनं" असं म्हणणं. आमच्या घरात बाई म्हणजे कामाचे दोन हात. त्या फणसाखाली मी कुणीतरी होते. तिची आक्का होते.

आणि मग तिनं नेसरीला जायचं ठरवलं.

मामांची काजूची बाग होती. मामा म्हणाले, माश्या असल्या की काजू चांगला धरतो, तू पेट्या घेऊन ये, बागेतली खोली तुझी. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मी लगेच म्हणाले, "जा की! तुझं तुझं कायतरी हुईल." तोंडानं म्हणाले. कुणाच्या दारात राहायला नको, कुणाचं ऐकायला नको, हाताला आपलं स्वतःचं काम — तिला हवं होतं ते एवढंच. ते मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. मी त्या घरात तिच्यापेक्षा जास्त वर्षं काढली होती.

तिनं चार लहान पेट्या केल्या. मोठ्या पेट्या माझ्या, त्या इथंच राहणार. या चार तिच्या. राण्यांना आपापलं घर ओळखता यावं म्हणून प्रत्येक पेटी वेगळ्या खुणेपाशी ठेवली. एक फणसाच्या बुंध्याशी, एक न्हाणीच्या भिंतीला, एक गोठ्याच्या कोपऱ्याला आणि एक बांधावर करवंदीच्या जाळीपाशी. चारही राण्या निघाल्या. तिनं मला बोलावून एकेक दाखवली. लांबट, काळसर, सुरेख. आता त्यांचं उडून येणं तेवढं राहिलं होतं. त्या अंडी घालायला लागल्या की टेम्पो सांगायचा आणि पेट्या नेसरीला.

नेमके त्याच दिवसांत मामांनी बोलावलं. पेट्या ठेवायला लाकडी ठाणी रोवायची होती, खोलीची डागडुजी होती. जावं की नको असं तिचं चाललं होतं. मग म्हणाली, इथं थांबून तरी काय करणार, या दिवसांत पेट्यांना हात लावायचाच नसतो. दोन दिवसांत येते. निघताना पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "आक्का, पोरंबाळं, कोंबड्या, कुणाला तिकडं फिरकू देऊ नगंस. तू हाईस म्हणून जातोय मी."

तू हाईस म्हणून.

एसटी गेली. मी भाकऱ्या केल्या. जेवणं झाली, भांडी झाली. दुपार झाली. नेहमीसारखी मागं गेले. फणसाखाली एकटी बसले. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. राण्यांना याहून चांगला दिवस मिळाला नसता. आणि माझ्या मनात आलं — आता रोज हे असंच. रोजची दुपार अशी. मी इथं एकटी.

मी वाट बघितली. नरांची घरघर सुरू झाली, पेट्यांच्या दारांत लगबग झाली. राण्या बाहेर पडल्याचा अंदाज मला यायला लागला होता, तिनंच शिकवला होता. मग मी उठले. फणसापाशी होती ती पेटी उचलली आणि न्हाणीपाशी ठेवली. न्हाणीपाशी होती ती फणसापाशी. गोठ्याची बांधावर, बांधावरची गोठ्याशी. लहान पेट्या, हलक्या असतात. वेळ काही लागला नाही. मग मी आत गेले आणि तांदूळ निवडत बसले. दिवेलागणीला बाहेर येऊन पेट्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या.

झालं. हेच ते. इतकी वर्षं हेच गिळून बसले होते.

तोल गेला, डोकं फिरलं, असं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशीही ऊन तसंच होतं, आणि एखादी राणी उडायची राहिली असेल म्हणून दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं. त्याला काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी एक माशी मनगटाला चावली, हात टम्म सुजला. संध्याकाळी पेट्या जागच्या जागी ठेवून झाल्या आणि छाया आली. पेट्यांकडं जायच्या आधी तिनं माझा हात बघितला.

"पेट्यांपाशी गेलतीस व्हय?"

"मुंगळे लागल्यात काय बघाय गेलतो," मी म्हणाले.

तिनं नखानं काटा काढला, परसातला झेंडूचा पाला आणून चुरगळला आणि माझ्या मनगटावर चोळत बसली. नेसरीच्या खोलीला खिडकी कुठं आहे ते सांगत होती. मी हात मागं घेतला नाही.

मग तिनं कळ काढली, जितकी काढायची असते तितकी. एका सकाळी पेट्या उघडल्या. मधमाशीचं अंडं म्हणजे पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी पांढऱ्या धाग्याचा बारीकसा तुकडा. उन्हाकडं पाठ करून, चौकट तिरपी धरून बघावं लागतं. तिनं पहिली पेटी बघितली, दुसरी बघितली. तिसरीची चौकट दोनदा फिरवून बघितली. मला हाक मारून म्हणाली, "आक्का, तू बघ की. माझ्याच डोळ्याला दिसंना झालंय." मी चौकट हातात घेतली. डोळे बारीक केले. इकडून तिकडून फिरवली. बघण्याचं नाटक किती वेळ केलं! आणि म्हणाले, "न्हाय गं. काय न्हाय."

नंतर काय होतं तेही सांगते. राणी नसलेल्या पेटीचा आवाज बदलतो, गुणगुण जाऊन रडल्यासारखा सूर येतो. हळूहळू माश्या कमी होतात. चारही पेट्यांचं तेच झालं. मी म्हणाले, माझ्या मोठ्या पेट्यांतल्या चौकटी घे, पुन्हा कर. ती नको म्हणाली. "तुझ्या चांगल्या पेट्या माझ्यापायी कशाला मोडायच्या?" उरलेल्या माश्या तिनं माझ्याच पेट्यांत मिसळून टाकल्या. मामांना फोन करून सांगितलं, यंदा जमायचं नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. त्याच दिवशी. ती चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, कदाचित पुन्हा तोंड बघितलं नसतं — पण पुढच्या हंगामात पुन्हा पेट्या केल्या असत्या. मी गप्प बसले. आणि आत्याबाई बोलल्या. ओसरीवर लसूण सोलत, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात, "दाल्ला गेला त्यो आला न्हाय. आता माश्या बी तशाच. हिच्याकडनं गेल्यालं माघारी येत न्हाय."

छायानं मान वर केली नाही. आणि मी? एरवी आत्याबाईंना मी उलटून बोलायची, छायासाठी तर हटकून बोलायची. त्या दिवशी चुलीत लाकूड सारत राहिले. त्या वाक्यानं माझं झाकलं जात होतं ना.

ती राहिली. तो उन्हाळा, तो पाऊस, तो हिवाळा. मला जे हवं होतं ते मिळालं. दुपारी ती अजूनही फणसाखाली यायची, पण पेट्यांकडं पाठ करून बसायची. मी एखादी चौकट बघायला बोलावलं तर "तूच बघ, माझा हात नगं" म्हणायची. हात लुगड्यात गुंडाळून घ्यायची. हसायची, पण आत्याबाईंना ओरडावं लागत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून तिची वाट बघत असायची.

वर्ष फिरलं आणि ती गडहिंग्लजला गेली. काजूच्या कारखान्यात. काजू फोडताना टरफलाचं तेल उडतं, कातडं सोलून निघतं. जे हात माश्यांनी ओळखले होते त्या हातांवर आता काळे डाग आहेत. खोली भाड्याची आहे, दोघी-तिघी मिळून राहतात. अधूनमधून फोन करते. "आक्का, बरी हाईस न्हवं?" मी बरी आहे म्हणते. फोन ठेवला की घरात फार शांत होतं. माझ्या पेट्या वाढत गेल्या. तिनं शिकवलेलं सगळं माझ्या उपयोगाला आलं. पेटी उघडताना अजून माझ्या तोंडातून "सरक गं बाय" निघतं. आवाज माझा, पण सूर तिचा. मला तिची आठवण येते. फार येते. भाकरी थापताना, केसांना तेल लावताना, एखादी माशी पिवळा पराग घेऊन पेटीच्या दारात उतरली की. हे म्हणायचा मला हक्क आहे का, ते मला माहीत नाही. पण येते.

गेल्या महिन्यात ती पुतणीच्या, माझ्या लेकीच्या, डोहाळजेवणाला आली. दोन दिवस राहिली. मी तिच्यासाठी एक पेटी तयार ठेवली होती. माझ्याकडची सगळ्यात चांगली लहान वसाहत, अंडी भरभरून घालणारी राणी. म्हणाले, घेऊन जा. मामा नाहीत आता, पण त्यांच्या मुलाशी मी बोलते, बाग अजून आहे. ती पेटीपासून चांगली चार पावलं लांब उभी होती. तिथूनच मान लांबवून बघत होती. बघत मात्र होती — डोळे तेच होते, चौकटीवरून भरभर फिरणारे. मला वाटलं, येते पुढं. आता येते.

"नगं आक्का," ती म्हणाली. "चांगली जित्ती वसाहत हाय, माझ्या हातात दिऊन कशाला मारतीस? माझ्याकडनं भाईर पडल्यालं माघारी येत न्हाय. मला ठावं हाय त्ये."

रागानं म्हणाली नाही. साखर कमी खाते म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणाली. आत्याबाई जाऊनसुद्धा दोन वर्षं झाली, आणि त्यांचं ते वाक्य छायाच्या तोंडात तिचं स्वतःचं होऊन बसलं आहे. मी तिथं उभी होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, लेक आत झोपली होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी झाकण लावलं आणि म्हणाले, "चल, च्या ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेली. मी थांब्यापर्यंत गेले होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिथंच उभी राहिले. लोक बघायला लागले तेव्हा परतले.

अजून एक आहे. मघाशी मी लिहिलं की पेट्या बदलून मी आत गेले आणि तांदूळ निवडत बसले. ते खरं नाही. कबूल करायला बसले तरी तेवढं खोटं लिहून गेलेच, बघा. मी आत गेले नव्हते. मी तिथंच बसले होते, फणसापासून हातभर अंतरावर. बराच वेळ बसले. आणि ती आली. मी डोळ्यांनी बघितली. लांबट, काळसर. कुठून कुठून उडून, किती लांबून, ती बरोबर फणसाच्या बुंध्याशी आली. दारासमोर थोडी थांबली. तिथं वेगळा वास आला असेल. पुन्हा वर उडाली, एक घिरटी घालून पुन्हा तिथंच उतरली. जागा तीच होती, तिची काहीच चूक नव्हती. मी हात लांब केला असता तर तिला अडवता आलं असतं. ती आत गेली.

छायाकडून गेलेली राणी माघारी आली होती.